मसल कारचा फ्युएल पंप: मेकॅनिकल ठेवावा की इलेक्ट्रिक बसवावा?

ह्यूस्टनकर
गाडी १९६९ ची शेव्रोले कमॅरो. ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक इंजिन, क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, फॅक्टरी ए.सी., इंजिनात फारसे बदल नाहीत. तक्रारी दोन. एक, उन्हाळ्यात फ्रीवेवरून उतरून गाडी वीस मिनिटं बंद ठेवली की परत सुरू व्हायला नखरे करते. दोन, आठवडाभर उभी राहिली की स्टार्टर मारून मारून बॅटरीचा जीव जातो. गॅरेजवाला म्हणतो, मेकॅनिकल (इंजिनच्या जोरावर चालणारा) पंप काढा, मागे टाकीपाशी इलेक्ट्रिक बसवा, दोन्ही दुखणी जातील. फ्युएल इंजेक्शनचा विचार सध्या नाही. खर्चाचं फार काही नाही, पण पन्नास-पंचावन्न वर्षं चाललेली व्यवस्था उगाच उचकटायची का, हा प्रश्न आहे. जाणकारांनी सांगावं.

चौथा गियर
इलेक्ट्रिक. धागा बंद करायला हरकत नाही.

तेलकट हात
अहो थांबा, एवढी घाई नको. आधी मोजा, मग पाना हातात घ्या. इंजिन गार असताना, उघड्यावर, अग्निशामक शेजारी ठेवून तीन तपासण्या करा.

पहिली, दाब. पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधल्या लाइनमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून कमी दाबाचा गेज जोडा, ० ते १५ पीएसआयचा (चौरस इंचावर पाउंड). आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ४ ते ६ मिळायला हवेत. काटा थरथरत असेल तर घाबरू नका, मेकॅनिकल पंप ठोके देत चालतो.

दुसरी, प्रमाण. कार्ब्युरेटरकडची लाइन सोडून रबरी नळीने बरणीत घ्या आणि इंजिन बाऊलमधल्या (कार्ब्युरेटरच्या पोटातल्या छोट्या टाकीतल्या) पेट्रोलवर आयडल करू द्या. साधारण ३० सेकंदात एक पाइंट (जवळपास अर्धा लिटर) पडला पाहिजे. दाब बरोबर आणि पेट्रोल कमी, असं निघालं तर नव्वद टक्के वेळा पंप निर्दोष असतो; दोष त्याच्या मागे असतो.

तिसरी तपासणी कोणी करत नाही, आणि खरी तीच. पंपाच्या तोंडाशी, म्हणजे टाकीकडून येणाऱ्या बाजूला, व्हॅक्यूम गेज टी करून लावा. चालू इंजिनवर पाऱ्याच्या २-३ इंचांपेक्षा जास्त ओढ दिसली तर टाकीतली जाळी तुंबलीय, पाइप चेपलाय किंवा नळी आतून सोलवटून बंद होतेय. उलट टाकीजवळची जुनी रबरी नळी तडकलेली असेल तर तिथून पेट्रोल गळत नाही, हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडंठाक, आणि पंप बिचारा हवा पंप करतोय. दोन-तीन डॉलरच्या नळीपायी चांगले पंप भंगारात जातात.

पाना दहाबारा
तेलकट हात यांच्याशी शंभर टक्के सहमत. भर एवढीच की गरम गाडी सुरू न होण्याची दुखणी दोन आहेत, आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

व्हेपर लॉक: पेट्रोलची वाफ लाइनमध्ये किंवा पंपात होते. पंप वाफ ढकलू शकत नाही, बाऊल रिकामा राहतो, इंजिन उपाशी.

पर्कोलेशन: इंजिन बंद झाल्यावर खालची उष्णता वर चढते, बाऊलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या वाटांमध्ये) ठिबकतं. इंजिन उपाशी नाही, उलट बुडालेलं.

ओळखायचं कसं? गाडी गरम करून बंद करा, पंधरा मिनिटांनी एअर क्लीनर काढून आत टॉर्च मारा. थ्रॉटलच्या पाकळ्यांवर ओल किंवा थेंब दिसले तर पर्कोलेशन. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारा (पंप करू नका, दाबून धरा). काळा धूर सोडत सुरू झाली तर निदान पक्कं. आत कोरडं असेल आणि थ्रॉटल हलवल्यावर ॲक्सिलरेटर पंपाची पिचकारी पडत नसेल, तर बाऊल रिकामा आहे.

पर्कोलेशनवर इलेक्ट्रिक पंपाचा काडीचा उपयोग नाही. दाब जास्त असेल तर बाऊलच्या तोंडाचा नीडल व्हॉल्व्ह ओलांडून आणखी पेट्रोल आत घुसवेल एवढंच.

चौथा गियर
ठीक आहे, एका ओळीत उत्तर दिलं म्हणून लगेच शाळा भरवली :) आता सविस्तर.

मेकॅनिकल पंप इंजिनच्या अंगाला चिकटलेला असतो आणि टाकी मागच्या टोकाला. म्हणजे जवळपास १० फूट पेट्रोल ओढून आणायचं. ओढताना लाइनमधला दाब कमी होतो, दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो, आणि ओढ सर्वांत जास्त कुठे? पंपाच्या तोंडाशी, जिथे ब्लॉकची उष्णताही सर्वांत जास्त. रचनाच उलटी आहे. टाकीपाशी बसवलेला पंप अख्खी लाइन दाबाखाली ठेवतो.

दुसरं, प्रवेग. पेट्रोलच्या एक फूट स्तंभाचा दाब साधारण ०.३२ पीएसआय. १ जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या प्रवेगाने, सुटणाऱ्या गाडीत १० फुटांच्या लाइनमधलं पेट्रोल सव्वातीन पीएसआयने मागे ढकललं जातं. सिग्नलवरून नेहमीचं जोरात सुटलं तरी अर्धा जी, म्हणजे दीड पीएसआय. इलेक्ट्रिक पंपालाही हा भार आहेच, पण तो ढकलण्याच्या बाजूला पडतो, ओढण्याच्या नाही. ड्रॅग स्ट्रिपवाले उगाच पंप मागे नेत नाहीत.

तिसरं, आजचं पेट्रोल. १० टक्के इथेनॉल, आणि हिवाळी मिश्रण जास्त उडणारं. अमेरिकेत पंपावर उन्हाळी मिश्रणाचा नियम १ जून ते १५ सप्टेंबर. टेक्सासात एप्रिलमध्ये नव्वद अंश फॅरनहाइटचा दिवस उगवतो तेव्हा टाकीत हिवाळ्याचंच पेट्रोल असू शकतं. १९६९ च्या अभियंत्यांनी हे गृहीत धरलं नव्हतं.

आणि आठवडाभर उभी गाडी? किल्ली फिरवा, दहा सेकंद थांबा, बाऊल भरला, सुरू. विषय संपला.

मीनल ऑस्टिन
प्रवेगाचं गणित बरोबर आहे, पण ह्यूस्टनकरांना ड्रॅग स्ट्रिप नाही, किराणा आणायचा आहे.

गरज किती ते बघू. कार्ब्युरेटरच्या इंजिनला ढोबळमानाने एका अश्वशक्तीमागे तासाला अर्धा पाउंड पेट्रोल लागतं. १९६९ चं ३५० कागदावर ३०० अश्वशक्तीचं, तेही तेव्हाच्या ग्रॉस (इंजिनावरचे जोडभार न धरलेल्या) मापाने. १५० पाउंड, भागिले गॅलनला साधारण ६, म्हणजे तासाला २५ गॅलन (सुमारे ९५ लिटर), तेही पूर्ण थ्रॉटल सतत धरला तर. मूळ जातीचा धडधाकट मेकॅनिकल पंप हे भागवतो. ४५० अश्वशक्तीलाही ३७-३८ गॅलन होतात, तिथे ८० किंवा ११० गॅलनवाला मोठा मेकॅनिकल घ्यावा. मात्र हे छापील आकडे मोकळ्या नळीचे असतात; दाबाविरुद्ध निम्म्याच्या आसपास धरलेले बरे.

इलेक्ट्रिकवाले नेहमी एक चूक करतात, ती आधीच सांगते. होली कंपनीचा ब्लू पंप बंद लाइनवर १४ पीएसआयपर्यंत जातो, त्याला रेग्युलेटर (दाब आवरणारा) लागतोच. होली रेड ७ वर बांधलेला. होली कार्ब्युरेटरला चालतो, पण क्वाड्राजेटचा फ्लोट (बाऊलमधला तरंगा) छोटा, त्याला ५ ते ५.५ मानवतात. म्हणजे तिथेही रेग्युलेटर आला. एडलब्रॉकचा कार्ब्युरेटरही साडेसहाच्या वर रडतो. कार्टरचा ७२ गॅलनवाला रोटरी पंप ६ च्या आत राहतो आणि आवाजही कमी करतो.

घाटातला अण्णा
इकडे खंबाटकीच्या घाटात अँबेसिडर धापा टाकायला लागली की बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं, चहा प्यायचा, निघायचं. रेग्युलेटर नाही, रिले नाही.

पाना दहाबारा
अण्णा, हसू नका, त्यात शास्त्र आहे. पंप गार झाला की आतली वाफ परत द्रव होते. अमेरिकेतले म्हातारे याच दुखण्यावर लाइनला कपड्यांचे लाकडी चिमटे लावत. त्याने काय होत असेल ते चिमट्यालाच ठाऊक. फडकं बरं.

रेंचराव
इलेक्ट्रिक बसवायचाच ठरला तर निदान नीट बसवा. आग लागलेल्या जुन्या गाड्यांमध्ये पंपाचा दोष कमी, वायरिंगचा आणि नळ्यांचा जास्त.

जागा: टाकीच्या शक्य तितकी जवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली. हे रोटरी पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात मठ्ठ. उंचावर बसवलात तर कोरडे चालून आतल्या व्हेन्स (पाती) झिजतात. एक्झॉस्टपासून लांब, आणि मागून ठोकर बसली तर चेपणार नाही अशा ठिकाणी. पंपाखाली रबरी बुश, नाहीतर अख्खी डिकी गुणगुणते.

फिल्टर: पंपाच्या आधी १०० मायक्रॉनची जाळी, नंतर ४० मायक्रॉन. बारीक फिल्टर आधी लावला की पंप गुदमरतो. नव्या पंपांच्या मृत्यूचं हे एक नंबरचं कारण.

वीज: बॅटरीपासून काही इंचांवर फ्यूज, तिथून १० किंवा १२ गेजची वायर रिलेच्या (छोट्या इशाऱ्याने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरच्या टोकाला. ८७ वरून पंप. ८५ अर्थ. ८६ ला इशारा. पंपाची अर्थ रंग खरवडून थेट चॅसीला, किंवा त्याहून उत्तम, वेगळ्या वायरने बॅटरीपर्यंत. पंपाच्या टोकाशी चालू असताना व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक नको.

सुरक्षा: मेकॅनिकल पंप इंजिन थांबलं की आपोआप थांबतो. इलेक्ट्रिक थांबत नाही. अपघातात नळी तुटली आणि किल्ली चालू राहिली तर तो गरम इंजिनवर पेट्रोल ओतत बसेल. म्हणून ऑइल प्रेशर स्विच हवाच. ऑइलचा दाब गेला की पंप बंद. सोबत इनर्शिया स्विच. १९८० च्या दशकानंतरच्या अनेक फोर्ड गाड्यांच्या डिकीत सापडतो, भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतो. धक्का बसला की तुटतो, बटण दाबून परत लागतो. उभा, घट्ट बसवा.

नळ्या: रबरी भाग कमीत कमी. कार्ब्युरेटरच्या दाबाला एसएई ३०आर७ चालते, पण इथेनॉलसाठी ३०आर९ घ्या. टाकीच्या आत बुडणारी नळी वेगळी, ३०आर१०. बाहेरची नळी आत टाकली तर विरघळून जाळीत जाते.

तेलकट हात
रेंचराव, एक दुरुस्ती. काही जण ऑइल प्रेशर स्विचमधून पंपाचा सगळा करंट नेतात. आतले कॉन्टॅक्ट जळतात आणि एक दिवस हायवेवर गाडी आपसूक बंद पडते. स्विचने फक्त रिलेचा इशारा सांभाळावा. तीन टोकांचा स्विच घ्या: एक टोक स्टार्टर सोलेनॉइडकडून, म्हणजे स्टार्टर मारताना पंप चालतो, दुसरं इग्निशनकडून, ऑइलचा दाब आल्यावर ते जोडलं जातं, तिसरं रिलेला.

म्हणजे चौथा गियर यांचं "किल्ली फिरवा, दहा सेकंद थांबा" या जोडणीत चालणार नाही. त्यासाठी वेगळं दाबायचं बटण द्यावं लागेल. बोट काढलं की बंद होणारं. टॉगल नको, विसरला जातो.

चौथा गियर
मान्य. बटण लावा. ग्लोव्हबॉक्समध्ये लपवलंत तर चोरालाही आठवडाभर उभी असलेली गाडी चालू करता येणार नाही. एका पंपात दोन पक्षी.

प्लायमाउथवाला
मोपारवाल्यांनी, म्हणजे क्रायस्लर-प्लायमाउथ-डॉजवाल्यांनी, जास्त सावध राहावं. आमच्या गाड्यांत चार्जिंगचा सगळा करंट डॅशमधल्या ॲमीटरमधून आणि फायरवॉलवरच्या कनेक्टरमधून जातो, आणि तिथले स्पेड (चपटी टोकं) वितळलेले सापडतात. पंपाच्या रिलेची वायर बॅटरीला जोडली तर तो भार अल्टरनेटरकडून ॲमीटर ओलांडूनच बॅटरीकडे येणार. रिलेचा करंट अल्टरनेटरच्या आउटपुटवरून घ्या, फ्यूजसह. त्या काळच्या अल्टरनेटरची कुवतही बेताची. एक कार्ब्युरेटर पंप ३-४ अँपिअर खातो, ते चालून जातं. पण उद्या इलेक्ट्रिक पंखेही लावणार असाल तर आधी अल्टरनेटर मोठा करा.

नवशिक्या_७१
मध्यममार्ग: मेकॅनिकल राहू द्यायचा आणि मागे छोटा इलेक्ट्रिक, फक्त बाऊल भरायला आणि उन्हाळ्यात मदतीला. चालेल?

तेलकट हात
चालतं, बरेच जण करतात. पण दोन अटी. मागचा पंप बंद असताना त्यातून पेट्रोल सहज ओढता आलं पाहिजे. व्हेनवाले पंप बंद असताना वाट अडवतात, त्यांना बाजूने चेक व्हॉल्व्हची वाट द्यावी लागते. बंद असताना आरपार जाऊ देणारे छोटे ठोक्याचे पंप त्यासाठी बरे.

दुसरी अट महत्त्वाची. मेकॅनिकल पंपाचा पडदा (डायफ्राम) फाटला तर एरवी थोडं पेट्रोल ऑइल पॅनमध्ये जातं. मागून इलेक्ट्रिक ढकलत असेल तर टाकी क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, ऑइलच्या भागात) रिकामी होऊ शकते. पातळ ऑइलने बेअरिंग गेले, आणि वाफ पेटली तर त्याहून वाईट. म्हणून अधूनमधून डिपस्टिक हुंगा. पातळी आपोआप वाढली किंवा पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरूच करू नका. पडदा आजच्या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचाच हवा. गोदामात चाळीस वर्षं पडलेला "मूळ" पंप डब्यासकट मिळाला तर तो कपाटात शोभेला ठेवा.

रेंचराव
ह्यूस्टनकर पंप काढणारच आहेत असं धरून: स्मॉल ब्लॉक शेव्हीत कॅम (उंचवटे असलेला फिरता शाफ्ट) आणि पंपाच्या मध्ये ५.७५ इंचांचा दांडा असतो. पंप सोडला की तो खाली घसरतो आणि नवा पंप बसवताना दांडा धरायचा, पंप दाबायचा, बोल्ट लावायचा, अशी तिघांची कामं दोन हातांना करावी लागतात. ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, पॅसेंजरच्या बाजूला, एक बोल्ट आहे, त्याचं भोक थेट या दांड्यापर्यंत जातं. तो काढून ३/८-१६ चा जरा लांब बोल्ट फक्त बोटाने आवळा. दांडा वरच अडकतो. आधी इंजिन हाताने फिरवून दांडा सर्वांत वर आणा. काम झाल्यावर लांब बोल्ट काढून मूळचा आखूड बोल्ट सीलंट लावून परत बसवा. लांब बोल्ट राहिला आणि स्टार्टर मारला, तर दांडा वाकतो किंवा कॅमचा लोब खरवडतो.

दांडा बाहेर आलाच आहे तर मोजा. वीस-पंचवीस हजारांश इंच कमी भरला किंवा टोक तिरपं झिजलं असेल तर बदला. पंपाचा स्ट्रोक तेवढा कमी होतो. रोलर कॅम असेल तर कॅम बनवणारा सांगेल त्या टोकाचा दांडा, बहुधा ब्राँझचा. इलेक्ट्रिक लावून मेकॅनिकल कायमचा काढणार असाल तर दांडाही बाहेर काढा आणि भोकावर प्लेट.

मुस्टँगप्रेमी
फोर्ड स्मॉल ब्लॉकला दांड्याची भानगड नाही. कॅमच्या तोंडावर एक्सेंट्रिक (पंपाला ठोके देणारी चकती), पंप टायमिंग कव्हरवर. पण नंतरचं इंजेक्शनवालं ५.० इंजिन १९६८ च्या गाडीत टाकणाऱ्यांनी आधी बघावं: एक्सेंट्रिक नसतो आणि कव्हरला पंपाचं भोकही नसतं. मेकॅनिकल हवा असेल तर कव्हर, एक्सेंट्रिक, बोल्ट असा सगळा संच आला. जनरल मोटर्सच्या नंतरच्या एलएस इंजिनवाल्यांना तर चर्चाच नाही, तिथे इलेक्ट्रिकच.

पद्मिनी_पुणे
अवांतराबद्दल क्षमस्व. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, इथे आता सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल). पंप मेकॅनिकलच, मूळ जातीचा. हेच सगळं लागू होतं का?

पाना दहाबारा
होय ताई, आणि जरा जास्तच. पडद्याचा संच इथेनॉलला चालणारा आहे ना हे दुकानदाराला विचारून घ्या, आणि सगळ्या रबरी नळ्या एकदम बदला, एकेक नको. पंपाला हाताची कळ असेल तर उभ्या गाडीला स्टार्टर मारण्याआधी तीच हलवून बाऊल भरा. कळ सैल, बिनविरोध हलत असेल तर कॅम वर आहे; इंजिन थोडं फिरवून परत बघा. इलेक्ट्रिकची गरज नाही.

ह्यूस्टनकर
सगळ्यांचे आभार. मोजमाप केलं. दाब ५.५. पाइंट ३० सेकंदांच्या आतच भरला. ओढ दोन इंचांच्या खाली. गरम करून बंद केल्यावर टॉर्चने बघितलं, थ्रॉटलच्या पाकळ्या ओल्या, वर पेट्रोलचे थेंब. पूर्ण थ्रॉटल दाबल्यावर काळा धूर सोडत सुरू झाली.

आणखी एक दिसलं: चॅसीवरून टाकीकडे जाणारी दुसरी बारीक लाइन आहे, पाव इंची. पुढचं टोक टोपी घालून बंद केलेलं. पंपाला दोनच नळ्या. ही काय भानगड?

तेलकट हात
सापडलं! ए.सी. च्या गाड्यांना तीन तोंडांचा पंप असे. तिसरं पाव इंची तोंड म्हणजे वाफेची परतीची वाट. बारीक छिद्रातून थोडं पेट्रोल सतत टाकीकडे फिरत राहतं, त्यामुळे पंप गार राहतो आणि वाफ कार्ब्युरेटरकडे न जाता मागे जाते. शिवाय इंजिन बंद केल्यावर लाइनमध्ये कोंडलेला दाब त्या वाटेने उतरतो, नाहीतर पेट्रोल तापून फुगतं आणि नीडल उचलून बाऊलमध्ये शिरतं. कोणीतरी आधी दोन तोंडांचा पंप लावून परतीची वाट बंद केलीय. तीन तोंडांचा पंप आणा.

पाना दहाबारा
आणि कार्ब्युरेटरखाली पाव इंची जाड उष्णतारोधक गॅस्केट. एअर क्लीनर बॉनेटला लागत नाही ना ते मातीचा गोळा ठेवून बघा. तरीही ठिबकलं तर इंटेक मॅनिफोल्डखालची एक्झॉस्टची गरम वाट बंद करणारी गॅस्केट घाला. टेक्सासात तिची गरज नाही, फक्त चोक उशिरा उघडेल, तो परत जुळवावा लागेल.

आठवडाभराच्या तक्रारीसाठी क्वाड्राजेट उतरवा, स्टँडवर बाऊल भरून खाली कागद ठेवा, रात्रभर. त्या काळच्या क्वाड्राजेटच्या तळाचे वेल प्लग (भोकांची बुचं) झिरपतात. कागद ओला झाला तर पेट्रोलला टिकणारं इपॉक्सी. कोरडा राहिला तर पेट्रोल नुसतं उडून जातंय.

चौथा गियर
उडून जात असेल तर माझं बटण लावा. एवढं तरी माना.

मीनल ऑस्टिन
ते मान्य. नवशिक्यांचा छोटा पंप, तेलकट हातांच्या दोन अटी आणि तुमचं बटण.

ह्यूस्टनकर
तीन तोंडांचा पंप मागवला. परतीची लाइन इतकी वर्षं बंद होती, तशीच जोडू का?

रेंचराव
नको. मागचं टोक टाकीच्या सेंडिंग युनिटवरून (पेट्रोलची पातळी कळवणाऱ्या भागावरून) सोडून लाइन बाहेर काढा, मगच हवा मारा, नाहीतर सगळा गंज टाकीत. हवा ५ पीएसआयच्या आसपास, डोळ्यांना चष्मा, बाहेर येणारं फडक्यात धरा. तांबडं निघालं तर पाइप बदला. सेंडिंग युनिटलाही परतीची नळी आहे ना बघा. टाकी कधी बदलली असेल तर एकाच नळीचं युनिट बसवलेलं असू शकतं.